नातजावयाच्या गाडीचं दार

आत्याबाई, सगळ्यात आधी कोण आलं म्हणाल तर पावणं न्हाई, तुमची धाकटी सून आली. हातात रिकामी वाटी. "जाऊबाई, विरजणाला चमचाभर दही हाय का?" म्या म्हणलं, घरी दोन म्हशी दावणीला आन् विरजण माझ्याकडं मागतीस व्हय गं? तर म्हणली, "आता दह्याचं निमित्त नसतं तर तुमी मला बोलावणार व्हता का?" आन् बसली की ओट्यावर फतकल मारून, रस्त्याकडं तोंड करून, जसं काय हिचंच पावणं. तिला समदं ठावं व्हतं. गावाला बी ठावं व्हतं. आयतवारी माझी नात येणार, नवऱ्याला घिऊन, आठ महिन्यांच्या लेकीला घिऊन. लगीन करून तीन वर्सं झाली आन् ह्या तीन वर्सांत तिनं ह्या उंबऱ्याला पाय लावला न्हवता. तिच्या बापानं, म्हंजी माझ्या लेकानं, तुमच्या नातवानं, तिला सांगितलं व्हतं की आपल्या मनानं गेलीस, आता आपल्या मनानं ऱ्हा. तिनं हापिसातला पोरगा केला, आपल्या जातीतला न्हाई, एवढंच. बाकी पोरगा सोन्यासारखा, असं ती फोनवर सांगायची. पर सोनं हाय का पितळ ते मला हात लावून बघायला नगं का? आता बघितला. म्हणून तर लिहायला बसलेय.

कशावर लिहितेय म्हणाल तर नातीच्या शाळंतली वही हाय, मागची पानं कोरी व्हती. माझं अक्षर तुमाला ठावं हाय, चौथीचं, त्यात जोडाक्षर आलं की मी आडते. तुमाला तर तेवढं बी वाचता येत न्हवतं. कुणाचं पत्र आलं की तुमी चुलीपुढनं उठायच्या, हात पुसायच्या, लिफाफा माझ्या हातात द्यायच्या आन् म्हणायच्या, "चौथी शिकलीस ना, मग सांग काय म्हणत्यात." आन् मी वाचाया लागले की मधीच, "हळू वाच, एसटी सुटल्यागत वाचू नगं." तवा तिकडं देवाघरी हे पत्र तुमाला कोण वाचून दाखवणार असा इचार करत मी बसलेय. बसलेय म्हंजी काय, एवढं लिहिस्तवर तीनदा उठले. एकदा अंगणात जाऊन लेकाच्या टेम्पोचं दार बघून आले, एकदा गोडेतेलाची बाटली उन्हात ऱ्हायली का ते बघितलं, एकदा उगंच. आयतवार झाला, आज बुधवार, पर बूड टिकत न्हाई एका जागी. सून म्हणती, "आत्या, बसा की वाईच, पायाला चाकं लागलीत का?" व्हय, आता मला बी आत्या म्हणणारी हाय. लई चांगली हाय, पर तुमच्यागत बोलून दाखवत न्हाई, मनात ठेवती. तुमचं आपलं बरं व्हतं, भांडं आपटलं की कळायचं.

तर नातीनं फोन तिच्या आईला केला. आयतवारी बाराला येतो आन् चारला निघतो, म्हणली. सुनंनं ते रातच्या जेवणाला नवऱ्याच्या ताटापाशी सांगितलं. त्यानं भाकरी मोडली, कालवणात बुडवली, खाल्ली, पाणी प्याला, आन् मग म्हणला, "आयतवारी मला भोरला भाडं हाय. चार वाजून गेल्याबिगर येणं व्हायचं न्हाई." या म्हणला न्हाई, येऊ नगा बी म्हणला न्हाई. बघा आता, ती चारला जाणार, हा चारनंतर येणार. बापलेकीचं तीन वर्सं बोलणं न्हाई, पर वेळ कशी बराबर जुळवली! मला त्या रातीपासनं एकच लागलं व्हतं जिवाला, की ही पोरगी बापाचं तोंड न बघताच माघारी गेली तर पुन्हा येणार न्हाई. पहिल्यांदा येणं अवघड असतं, पर दुसऱ्यांदा येणं त्याहून अवघड. हे मला कुणी शिकवलं ते तुमाला ठावं हाय, मी पुढं सांगते.

बाराच्या सुमाराला गाडी आली. पांढरीशुभ्र, कवडीवानी. तुमच्या वेळंला हितं एसटी सोडली तर चार चाकांचं काय दिसायचं न्हाई, आता दर आयतवारी पुण्याच्या गाड्यांची रांग असती गडावर जायला, पर आपल्या दाराकडं वळली ती ही पहिलीच. नात उतरली. वाळलीय. आन् तिच्या काखंत ती! आत्याबाई, तुमची खापरपणती! टाळूवर तेल मुरवलेलं, डोळ्यांत काजळ, आन् कपाळ थेट तुमचं, तसंच मोठं, तसंच आठी घालणारं. पणतवंड बघितलं की सरगाची शिडी मिळती म्हणत्यात. मला शिडीची घाई न्हाई, मला अजून वाईच हितंच ऱ्हायचंय. सून दाराच्या चौकटीला धरून उभी, डोळं भरलेलं, पर पाऊल पुढं टाकवना. म्या भाकरीचा तुकडा घेतला, तांब्यात पाणी घेतलं आन् गेले पुढं. तर धाकटी ओट्यावरनं म्हणती, "घरधनी घरात न्हाई, मग भाकरतुकडा कुणाच्या हुकमानं?" म्या म्हणलं, "माझ्या. तुला विरजण मिळालं न्हवं? मग जा घरी." ती कसली जाती! तिघांवरनं तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, आन् नातजावई वाकला की पाया पडायला. लांबसडक पोरगं, सावळं, आवाज मऊ. "आजी, तुमच्याबद्दल रोज ऐकतो," म्हणला. मला तिथंच गार वाटलं.

पर पाया पडून झाल्यावर पोरगं घरात आलं न्हाई. गाडीभवती फिरायला लागलं. इकडं वाकून बघ, तिकडं उकिडवं बस, नखानं काय तरी खरवडून बघ. झालं व्हतं असं की विंझरच्या पुढं नवं डांबर टाकलंय रस्त्याला, आन् मे महिन्याचं ऊन, डांबर पातळ झालेलं. चाकानं उडून दोन्ही दारांच्या खालच्या अंगाला काळं काळं ठिपकं, जसं काय कुणी काजळाचं बोट झटकलंय. नात मला डोळा घालून म्हणती, "झालं आज्जी, आता बस. हे आधी त्यांच्या पहिल्या बायकोकडं बघणार, मग माझ्याकडं." तो लाजला. म्हणला, "अगं, वाळलं की हट्टी होतं हे." मग मागची डिकी उघडून मला एक गोळा दाखवला, निळसर, मळलेल्या कणकीवानी. "आजी, ही माती आहे. रंगावर पाणी मारायचं आणि ही अशी नुसती फिरवायची. बारीक कण, झाडाचा चीक, सगळं उचलून घेते. दाबायचं नाही पण." म्या म्हणलं, आमी जलमभर माती धुतली आन् तुमी मातीनं धुता व्हय? तो लई हसला. सुनंनं कोंबडीचा रस्सा केलता, तांदळाच्या भाकरी. तो पोटभर जेवला, हात धुतला, आन् हात धुतल्यावर पुन्हा एकदा जाऊन ती ठिपकं बघून आला. मग नात म्हणली, लेकीला नदी दाखवून आणू, माझी शाळा दाखवू. गेली तिघं पायी. दोन वाजलेलं. धाकटी बी उठली एकदाची. सून भांड्यांना लागली. आन् मी राह्यले अंगणात, मी आन् ती गाडी.

आता तुमी म्हणाल, गप बसायचं व्हतं. पर गप बसायला तुमी कवा शिकवलंत? जावई पहिल्यांदा दारी आला तर त्याला टॉवेल-टोपी करायची, धोतराचं पान करायचं. घरधनी, म्हंजी लेक, घरात नसताना मी काय करणार? टोपी कुणाच्या हातानं द्यायची? आन् त्या पोराचा जीव त्या ठिपक्यांत अडकलेला म्या बघितला व्हता. म्या म्हणलं, ठिपकंच काढून टाकू, तीच त्याची टोपी.

मला लगीन होऊन आल्यावरचा पयला आठवडा आठवला. मी चौदा वर्सांची, उत्रोलीहून आलेली, हाताला सवय भात लावायची, भांड्यांची न्हाई. मागल्या दारी दगडापाशी मी हंडा घासतेय आन् तुमी वर उभ्या. "अगं, घासतीस का गोंजारतीस?" मी रडकुंडीला आलेय. मग तुमी कासोटा खोचून खाली बसता, माझ्या हातातली गोवरीची राख फेकून देता आन् म्हणता, "ही नगं. तुसाची आण. भाताच्या तुसाच्या राखंला दात असत्यात, ती डागाला चावती." नारळाची शेंडी वळून मुठीत बसंल एवढा गोळा करता, माझा हात तुमच्या हातात धरता आन् दाबता, असा दाबता की मनगट दुखतं. गोल, गोल, गोल. हंड्याच्या बुडाखालचं काळं निघतं आन् खालनं सोनं वर येतं. त्या दिवशी तुमी मला तुमचं हिरवं लुगडं दिलं, एकदाच नेसलेलं. म्हणलात, "घासल्याबिगर काय बी उजळत न्हाई, बाई." साठीच्या जवळ गेली वर्सं त्याला, तुसाची राख मी अजून डब्यात ठेवते. सून हिरवा साबण वापरती, मी तुसाची राख.

तर म्या बादली भरली, डबा आणला, शेंडी आणली, पदर खोचला. तुमी सांगितल्यागतच, मनगट दाबून. गोल, गोल, गोल. खर्र खर्र आवाज. पयला ठिपका गेला, दुसरा गेला. सून आतनं वरडली, "आत्या, काय करताय?" म्या म्हणलं, तू भांडी बघ. अख्खं पुढचं दार घासलं, पाणी मारलं. ओलं व्हतं तवर कसं चकाकत व्हतं म्हणून सांगू! मी मागं सरून बघत ऱ्हायले. काळं एक बी न्हाई. तोंडात आलं, बघा आत्याबाई, तुमची सून अजून कामाची हाय. आन् मग ऊन लागून पाणी वाळाया लागलं. वाळंल तसं दारावर धुकं चढायला लागलं. आरशावर कुणी हुं करून तोंडाची वाफ सोडावी तसं. बोट फिरवलं, जाईना. फडकं फिरवलं, जाईना. नीट वाकून बघितलं तर गोल गोल रेघा, बारीक, हजारानं, माझ्या हाताच्या फेऱ्याच्या फेऱ्या उमटलेल्या. बाकी गाडीत झाडं दिसत व्हती, घर दिसत व्हतं. त्या दारात काय बी दिसत न्हवतं. मी तिथंच बादलीपाशी बसले.

ती तिघं आली तवा मी उठून उभी बी ऱ्हायले न्हाई. नातीनं आधी बघितलं. "आज्जी! काय केलंस हे? कशानं घासलंस?" म्या डबा दाखवला. तिनं कपाळावर हात मारला. "अगं, त्यांच्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या आणि पुसल्या, स्वतःची एक घेता आली नाही त्यांना. ही घेतली त्या दिवशी हे गाडीत बसून रडले होते, आज्जी." तो म्हणला, "अगं, असू दे." माझ्यापाशी आला, उकिडवा बसला, म्हणला, "असू दे आजी, डांबर तर गेलं ना." हसला बी. पर ते हसू कसं, पावण्यानं न आवडलेलं बी मुकाट खावं तसं. मग उठला, दारावर नुसती चार बोटं ठेवली, काढली. आन् नातीला हळू म्हणला, मला ऐकू जाऊ नये म्हणून हळू, "निघूया का आपण?" तीन बी वाजलं न्हवतं.

आत्याबाई, त्या वाक्यासरशी मला वन्सं दिसल्या. तुमची लेक. आपल्या ह्याच ओट्यावर, नवऱ्यासंगं बसलेल्या, त्यांनी बी मनानं, जातीबाहेर लगीन केलं आन् वर्सानं पयल्यांदा आल्या त्या दिवशी. तुमी जेवू घातलंत, नाही म्हणणार न्हाई, गोडाचं केलंत. पर ती दोघं हात धुऊन सुपारी खाताहेत तवर तुमी त्यांची ताटं माझ्याकडं दिलीत आन् म्हणलात, "तीनदा घास." मी घासली. मागल्या दारी, तुसाच्या राखंनं, खर्र खर्र, एकदा, दोनदा, तीनदा. ओट्यापर्यंत आवाज जात व्हता. वन्सं नवऱ्याला म्हणल्या, निघूया का. त्या निघाल्या ते निघाल्याच. मग तुमी वर्सानुवर्सं बाजारच्या दिवशी कायतरी काम काढून एसटीच्या थांब्यावर जाऊन उभ्या ऱ्हायच्या. माघारी आलात की म्हणायच्या, मीठ आणायला गेले व्हते. घरात मिठाच्या किती पुड्या साठल्या व्हत्या! मी एक शब्द बोलले न्हाई कवा. तवा आता तोच आवाज माझ्या हातानं झाला आन् तेच दोन शब्द कानावर आलं म्हटल्यावर माझं काय झालं असंल, ते तुमीच समजा. नात पिशवी भरत व्हती. सून तिच्या मागं मागं, "चहा तरी घ्या गं, चहा तरी." मी अंगणातनं रस्त्यावर, रस्त्यावरनं अंगणात.

आन् तवर टेम्पोचा आवाज. तीन वाजता. धाकटी विरजणाची वाटी घिऊन कुंपणाशी उभी व्हतीच, ती म्हणली, "भोर लई जवळ आलं म्हणायचं. दुपारपासनं फाट्यावरच्या ओढ्याच्या मोरीपाशी टेम्पो लावून बसला व्हता, म्या बघितला की." माझा लेक उतरला. लेकीकडं बघितलं न्हाई, जावयाकडं बघितलं न्हाई, दारात उभ्या गाडीकडं मातर बघितलं. डायवर माणूस, त्याची नजर तिथंच जाणार. जवळ गेला. वाकला.

"कुणी केलं हे?"

"तुझ्या आईनं," धाकटी म्हणली. "नातजावयाला न्हाऊ घातलं."

"कशानं?"

"तुसाच्या राखंनं," म्या म्हणलं.

त्यानं डोळं मिटलं. "आये, अगं पातेलं हाय व्हय ते?"

मग त्यानं पत्र्याला हात लावून बघितला. आन् गाडीकडंच बघत म्हणला, "पावणं, गाडी सावलीला घ्या. पत्रा तापलेला असला की काय बी लावू न्हाई." आत्याबाई, तीन वर्सांतलं हे पयलं वाक्य. सुनेच्या हातातनं चहाचं गाळणं पडलं. पोरानं गाडी आंब्याखाली घेतली. लेकानं आतनं गोडेतेल आणलं आन् माझ्या ट्रंकंतनं जुन्या लुगड्याचं मऊ फडकं. मागच्या दारावर अजून ठिपकं व्हतीच. त्यानं एकेका ठिपक्यावर तेलाचं बोट ठेवलं आन् उकिडवा बसून ऱ्हायला. जावई बी शेजारी बसला.

"आता काय करायचं?"

"काय न्हाई. वाट बघायची. डांबराला तेलात भिजू द्यायचं, मग ते आपसूक सुटतं. फणस कापताना हाताला तेल लावत्यात का न्हाई, तसंच. आमच्या आयेला फणसाचं कळतं, डांबराचं न्हाई."

"माझे वडील रॉकेल वापरायचे."

"रॉकेलनं निघतं, पर चमक मरती. वडील गाडीवर व्हते?"

"हो. दुसऱ्यांच्या."

"म्या बी धा वर्सं दुसऱ्याचाच चालवला." वाईच वेळानं त्यानं फडक्यानं टिपलं तर ठिपका फडक्यावर आला, दाराला खरचटलं बी न्हाई. मी खांबाआडनं बघत व्हते. सत्तरीला आले आन् तवा कळलं की काही डाग दाबून निघत न्हाईत. तुमाला बी ठावं नसणार. धाकटी म्हणलीच, "काय बाई, सासरा जावयाची गाडी पुसतोय, हे बी बघायचं ऱ्हायलं व्हतं." तर माझा लेक तिला म्हणला, "काकी, तुझं दही विरजलं का बघ जा." तवा गेली.

मग पुढच्या दाराला लागला. दाताची पेस्ट आणाया लावली, ओल्या फडक्यावर घेतली आन् अलगद, अगदी पोराच्या गालाला पावडर लावावी तशी फिरवली. धुकं थोडं विरळ झालं. समदं गेलं न्हाई. "ह्याला कंपाउंड लागतं," तो म्हणला. "रंगाच्या दुकानात मिळतं, भोरला. त्यानं हळूहळू घोटायचं आन् वरनं मेण."

"मी करून घेईन पुण्यात, बाबा."

बाबा म्हणला बघा तो. माझ्या लेकाचा हात थांबला. मग दारावरच बोट ठेवून म्हणला, "आमच्या अंगणात बिघडलं, ते आमच्या अंगणातच नीट हुईल. म्या आणून ठेवतो." मी आत जाऊन देवापुढं उभी ऱ्हायले, पर काय मागायचं ते सुचना, मग माघारी आले.

निघाली तवा पाच वाजून गेलं व्हतं. नातीनं लेकीला बापापुढं धरलं. त्यानं दोन्ही हात वर केलं, पंजे उघडं, तेल आन् काळं माखलेलं. म्हणला, "हात बरबटलेत." घेतलं न्हाई. पर बाळानं त्याचं सदऱ्याचं बटन धरलं ते सोडंना, आन् त्यानं बी सोडवून घेतलं न्हाई, तिचं ती कंटाळस्तवर तसाच वाकून उभा ऱ्हायला, हात वर, पोलिसानं धरल्यावानी. नात म्हणली, "बाबा, येते." तर हा म्हणतो, "दोन दिस त्या दाराला साबण लावू नगा." हे कुणाला म्हणला, तिला का त्याला, मला कळलं न्हाई. तिला म्हणला असंल, असं मी धरून चालले. गाडी वळस्तवर फडक्यानं हात पुसत उभा व्हता, आन् गाडी वळून गेली तरी पुसतच व्हता.

तवापासनं मला चैन न्हाई. काल तो भोरहून खरंच कंपाउंडची डबी घिऊन आला, लाल झाकणाची, आन् काय न बोलता ती फळीवर ठेवली, मुलांच्या हाताला लागू नये म्हणून उंच. घरात मुलं कुठं हाईत? मी टेम्पोच्या दारावर डांबर शोधून शोधून तेल लावते, वाट बघते, टिपते, हाताला सवय व्हावी म्हणून. लुगड्याची तीन फडकी धुऊन वाळवलीत. मधीच वाटतं, पुण्यात गेल्यावर त्याच्या दोस्तांनी दार बघून हसलं असंल, आन् ह्याचं मन फिरलं असंल. मधीच वाटतं, फोन करावा. सून म्हणती, "आत्या, सारखा फोन केला की माणूस येणारा बी येत न्हाई." खरं असंल.

हे पत्र कुठं टाकायचं न्हाई, वही तशीच ट्रंकंत जाईल. म्हणून एक सांगून टाकते. वर म्या लिहिलं की ओलं व्हतं तवर कळलं न्हाई. ते खोटं हाय. उन्हानं पत्रा तव्यागत तापला व्हता. पयला ठिपका काढला तेवढा विड्याच्या पानाएवढा तुकडा माझ्या देखत वाळला, आन् तिथनं चमक गेलेली मला दिसली. हात थांबला बी. दोन वाजलं व्हतं. मी मोजलं. पानाएवढं बिघडलं तर पोरगं म्हणंल, पुण्यात बघू, आन् ती चारलाच जाणार. अख्खं दार म्हटलं तर त्या घोळात चार टळून जातील, तवर लेक येईल, आन् डायवर माणूस न बघता पुढं जाणार न्हाई, आन् माझा लेक डायवर हाय. मग म्या पुन्हा राख घेतली. ते पोर "निघूया का" म्हणलं तवा मात्र माझा जीव थाऱ्यावर न्हवता, त्या घटकंपुरती देवाची बी आन् तुमची बी क्षमा मागितली. पत्र तुमाला वाचून दाखवायची वेळ आली असती तर ह्या एवढ्या ओळी म्या गाळून पुढं गेले असते.

येता आयतवार सोडून त्याच्या पुढच्या आयतवारी पुन्हा येतो, असं सांगून गेलीत.